ताटातली मिठाची जागा

आमच्या घरात ताट वाढताना मीठ वाढत नाहीत. लिंबाची फोड असते, चटणी असते, कोशिंबीर असते. वर मधोमध जिथे चिमूटभर मीठ पडायचं ती जागा तेवढी रिकामी. नवख्या पाहुण्याला वाटतं, विसरले. कुणी मागितलंच तर बायको डबीतून काढून देते, आपणहून वाढत नाही. ही सवय तिला माझ्या वडिलांच्या आजारपणात लागली. आजारपण संपलं, वडील गेले, सवय राहिली. ती का राहिली हे मला पक्कं ठाऊक होतं आणि मी कधी बोललो नाही. मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात आणि मला ते सोयीचं पडत आलं.

वडिलांचं ब्लडप्रेशर औषधांनी उतरत नव्हतं. त्याचा ठपका माझ्या बायकोच्या स्वयंपाकावर आला, आणि खरं कारण माहीत असून मी तो येऊ दिला. एवढंच सांगायचं आहे. पण ते सांगायचं तर आधी मिठाचं सांगावं लागेल.

आमचं मिठागर उरणच्या बाजूला होतं, खाडीच्या कडेला. आता तिथे कंटेनरचे ट्रक उभे असतात. आपला वाफा नेमका कुठे होता हे मलासुद्धा बोट दाखवून सांगता येणार नाही. पाऊस सरून जमीन वाळली की बांध लिंपायचे, उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी उचलून भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं. पाणी जड होत जातं. वडिलांना ते घोट्याला कळायचं. मग कधीतरी तळाला पायाखाली चुरचुरायला लागे, आणि उन्हं वर आली की सगळं इतकं पांढरं होई की डोळे उघडे ठेवणं मुश्कील.

पहिल्या राशीतलं ओंजळभर मीठ वडील घरी आणत. पितळेच्या वाटीत देवापुढे ठेवत आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या जिभेवर एकेक खडा, धाकट्यापासून सुरुवात. धाकटा मी. नियम एकच, तोंड वाकडं करायचं नाही. ताई माझ्याहून मोठी. ती मुद्दाम माझ्यासमोर उभी राहून आधीच तोंड वेडंवाकडं करून दाखवायची. आई म्हणायची, याला गुळाचा खडा द्या, हा काही आगरात टिकायचा नाही. वडील कुणाकडे बघत नसत. स्वतःच्या जिभेवरचा खडा विरघळेपर्यंत डोळे मिटून बसायचे, आणि मग यंदाचं मीठ कसं उतरलंय ते सांगायचे. बाजारातलं पुडीतलं मीठ त्यांच्या लेखी पीठ होतं. रांगोळी घालायला बरं, असं म्हणायचे.

पुढे जमीन बंदराच्या कामात गेली. गावातल्या पोरांच्या गाड्या आल्या, ओट्यांवर फरश्या आल्या. शेवटच्या हंगामात वडिलांनी लोणच्याची मोठी बरणी धुतली, उन्हात वाळवली, गळ्यापर्यंत मिठाने भरली आणि तोंडाला फडकं बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवली. तिला कुणी हात लावायचा नाही. स्वयंपाकाला आई दुकानातलं मीठ आणायला लागली. बरणीतल्याला आम्ही मीठ म्हणतच नसू. त्याला 'आगर' म्हणायचो. आगर जरा पुसून घे. आगराला धक्का लागेल, बाजूने जा. पुढच्या सगळ्याचं मूळ ह्या एका सवयीत आहे.

आई गेल्यावर वडील गावच्या घरात एकटे होते. ताईचं सासर तिथून जवळ, तिचं त्यांच्यावर लक्ष असायचं. एके सकाळी ती भाकरी घेऊन गेली तर हे ओट्यावर चहा पीत बसलेले, आणि चहा तोंडाच्या एका कडेने सदऱ्यावर ओघळतोय. तोंड वाकडं झालं होतं. ताईने विचारलं तर तोंडातून नुसता गाळ आला, शब्द नाही. तिने शेजारच्याची रिक्षा काढायला लावली आणि त्यांना पनवेलला आणलं. मी ऑफिसातून धावत पोचलो तोवर वडील हॉस्पिटलच्या खाटेवर पाय हलवत बसले होते, तोंड सरळ, बोलणं खणखणीत.

"तुजी बहीण घाबरट हाय," मला बघून म्हणाले. "चा सांडला, तर मना हास्पिटलात आनला."

डॉक्टर मात्र हसले नाहीत. मेंदूकडे जाणारी एखादी बारीक नस थोडा वेळ तुंबली आणि आपोआप मोकळी झाली, याला मिनी स्ट्रोक म्हणतात, त्यांनी समजावलं. मोकळी झाली म्हणून सुटलो असं समजू नका. ज्यांना असा झटका येऊन जातो त्यांना पुढे मोठा येण्याची भीती असते, आणि ती कमी करायची तर ब्लडप्रेशर ताब्यात पाहिजे. वडिलांचा वरचा आकडा खूप होता आणि खालचा बेताचा. दोहोंमधलं अंतर डॉक्टरांना आवडलं नाही. त्यांनी वडिलांना आडवं केलं, दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे गुंडाळले आणि एक मशीन लावलं. हृदयाचा ठोका घोट्यापर्यंत किती वेगाने पोचतो ते त्यात कळतं म्हणे. धमनी मऊ असली तर ती ठोक्यागणिक फुगते, धक्का अंगात जिरवते, लाट सावकाश जाते. धमनी ताठ झाली की काही जिरत नाही. लाट सुसाट जाते, आणि तो सगळा मार मेंदूतल्या नाजूक नसांवर बसतो.

"मातीचा बांध आन सिमेटचा बांध," वडील पडल्या पडल्या म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे कसं? मग वडिलांनी छताकडे बघतच सांगितलं. भरतीचं पाणी मातीच्या बांधावर आलं की बांध थोडं पितो, थोडं सरकतो. सिमेंटचा बांध तसूभर हलत नाही. तो पाणी उलटं मारतो, आणि ते जाऊन शेजारच्याचा वाफा फोडतं.

"म्हंजे माजा सिमेटचा झाला," ते म्हणाले. आपला आजार ओळखीचा निघाला याचं त्यांना जवळजवळ समाधान वाटत होतं.

त्यांना आता पनवेललाच आमच्याकडे राहायचं होतं. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. गोळ्या वेळेवर, रोज चालणं, आणि मीठ कमी म्हणजे अगदी कमी. पापड, लोणचं, फरसाण बंद. सुके बोंबील, सुकट बंद. वरून मीठ घेणं तर नाहीच. बायको मान हलवत ऐकत होती. त्याच संध्याकाळी तिने आणि ताईने मिळून घर रिकामं केलं. लोणच्याच्या बाटल्या, सुक्या मासळीचे डबे, पापडांची पिंपं, सगळं ताई आपल्या घरी घेऊन गेली. आणि जाताना जी रिक्षा तिला सोडायला गेली, तिच्यातूनच वडिलांचे कपडे आणि बरणी आमच्याकडे आली. बायकोने देव्हाऱ्याशेजारची जागा पुसून ती तिथे ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं. मीठ घरातून गेलं आणि आगर घरात आलं, एकाच दिवशी. आम्हा चौघांनाही दोन्ही ठाऊक होतं आणि चौघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

माझी बायको आपटा गावची, पाताळगंगेच्या काठची. वडील तिला त्यावरून चिडवायचे. गोड्या पान्याची मानसं, तुमाला मिठाची काय किंमत, असं जेवताना रोज एकदा तरी व्हायचं. ती म्हणायची, तुम्हाला एवढी किंमत होती म्हणून तर आज ही पाळी आली. दोघांचं छान जमायचं. तिने वडिलांपुरतं वेगळं रांधणं सुरू केलंच नाही. सगळ्यांनाच अळणी. आमसूल, लिंबू, लसूण, जिरं, ओवा यांच्यावर ती चव ओढून आणायची, आणि ताटातली मिठाची जागा तेव्हापासून रिकामी राहायला लागली.

वडील जेवायचे, पण त्यांच्यातलं काहीतरी विझत गेलं. खिडकीशी बसून राहायचे. विचारलेल्याचं उत्तर हाय किंवा नाय. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की त्यांना तलावावर फिरायला न्यायचो. दोन फेऱ्या मारून बाकावर बसायचो आणि पाण्याकडे बघायचो. बोलण्यासारखं आम्हा दोघांत कधीच फार नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या येताना आगरातला एक खडा आनशील?"

मी म्हटलं, बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय ना.

"तो पुडीतल्याचा बोलतो. यो घरचा हाय. आपल्या पान्याचा. यानं काय होत नाय."

मी सायन्सचा पदवीधर. घरचं मीठ आणि पुडीतलं मीठ धमनीला सारखंच, हे मला त्या क्षणी माहीत होतं. अज्ञानावर ढकलण्याची सोय मला नाही. दुसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरात असताना मी बरणीचं फडकं सोडलं, वर्तमानपत्राच्या कागदात खडा गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात घातला.

वडिलांनी तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मी लहानपणी पाहिलं होतं तसंच. मग डोळे न उघडताच बोलायला लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी मला आईचं सांगितलं. लग्नानंतर तिला पहिल्यांदा आगर दाखवायला नेलं, तर ती बांधावर येऊन थबकली आणि पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. एवढं पांढरं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, देवाचं काहीतरी आहे. सासरे बांधावर उभे, त्यांच्यासमोर हसायची चोरी. मग वडिलांनीही आपल्या चपला काढल्या, तिला एकटीला ओशाळं वाटू नये म्हणून. "तुज्या आयनं मना कंदी इचारला नाय, तवा तू चपला कला काडल्यास," ते म्हणाले, आणि हसले.

आईविषयी ते माझ्याशी असं कधीच बोलले नव्हते. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि माझी आई मला पनवेलच्या तलावावर, तिच्यामागे इतक्या वर्षांनी, नव्याने भेटत होती.

मग रोजचंच झालं. आजोबा होडीत मीठ भरून भरतीवर पनवेलच्या बंदराला कसे यायचे आणि ओहोटी लागली की चिखलात अडकून तिथेच कसे भात शिजवायचे. मोठ्या उधाणाला बांध फुटला तेव्हा ताई, एवढीशी पोर, भगदाडात कशी बसली होती, आपल्या अंगाने पाणी अडतंय असं समजून. मी कितव्या वर्षी आगरात रडलो आणि का. जिभेवर खडा असेतो गोष्ट चालायची. गोष्ट संपू नये म्हणून मी दुसरा द्यायचो. एका खड्यावर कधी भागलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. कैरीचे दिवस आले तेव्हा मी घरून चाकू न्यायला लागलो. पेरू झाले, उकडलेल्या शेंगा झाल्या. ऑफिसात दुपारपासून माझं घड्याळाकडे लक्ष लागायचं. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी कोणत्या, असं मला कुणी विचारलं तर आजही मी त्याच सांगेन, आणि तिथेच माझी अडचण आहे.

ब्लडप्रेशर उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली. मध्ये एकदा वडिलांचा हात लुळा पडला आणि चपाती चावून होईतो ठीकही झाला. तपासायला नेलं तेव्हा ताईही आली होती. डॉक्टरांनी वही मिटली आणि विचारलं, "घरी मीठ खरंच बंद आहे ना?" मी हो म्हणालो. बायको हो म्हणाली. ताईने बायकोकडे बघितलं.

घरी आल्यावर ताई सरळ स्वयंपाकघरात गेली. आमटीवरचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि चाटलं.

"खारट हाय," ती म्हणाली.

ती खारट असणं शक्य नव्हतं. पण ताईचं मन आधी ठरलं होतं, जीभ नंतर ठरली. बायको ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, "ताई, मी मोजून घालते." ताई म्हणाली, मग त्याचं बीपी काय वाऱ्यानं वाढतं काय. बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टाच्या खिशात कागदाची पुडी होती, त्या संध्याकाळची. मी म्हणालो, जाऊ दे ताई, आता नको. नेमकं एवढंच म्हणालो. बाहेरच्या खोलीत वडील खाटेवर बसले होते, त्यांना शब्दन् शब्द ऐकू येत होता. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

ताई त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. बरणी आमच्याकडेच राहिली, देवाजवळची वस्तू सारखी हलवू नये म्हणून. पंधरवड्याने तिचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला होता, पोळ्या लाटत होती. "बघ," ताई म्हणत होती, "माज्या घरी उतरला बीपी. डॉक्टर बोलला, आता बरा हाय." बायकोने लाटणं खाली ठेवलं, फोन बंद केला, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अर्धी लाटलेली पोळी पोळपाटावर तशीच वाळली.

खरं तर पुरावा माझ्याही हातात आला होता. आगर नाही तिथे रक्तदाब उतरला. एवढं लख्ख कळल्यावर मी थांबायला हवं होतं. पुढे काय झालं ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. महिन्याभराने वडिलांनी ताईच्या मोबाइलवरून मला फोन केला आणि हळू आवाजात म्हणाले, "ने मना." मी दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांना घेऊन आलो. आणि त्याच संध्याकाळी तलावावर, त्यांनी न मागता, मी खिशातून पुडी काढली. त्यांची दया आली असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. दया होतीच. पण महिनाभर मला गोष्ट मिळाली नव्हती.

मोठा झटका त्यानंतर काही महिन्यांनी आला. या वेळी नस मोकळी झाली नाही. वाचा गेली, उजवी बाजू गेली. दीड वर्ष ते खाटेवर होते. ज्या तोंडाने मला आई सांगितली ते वाकडंच राहिलं, आणि त्यात बायको चमच्याने अळणी पेज भरवायची. माझ्याकडे बघून त्यांचे डोळे काही म्हणायचे का, हे मी नीट पाहिलं नाही. मी औषधांची वेळ बघायचो, घड्याळ बघायचो, खिडकी बघायचो.

ते गेले तेव्हा भरल्या घरात, बायाबापड्यांसमोर, ताई बायकोला म्हणाली की तुझ्या हाताने गेला. त्यानंतर ताई आमच्या घरी जेवली नाही. सणाला यायची, पाणी प्यायची, ओटी घ्यायची, निघायची. बायकोनेही कधी बस म्हटलं नाही. आणि मी शांत स्वभावाचा.

गेल्या पावसाळ्यानंतर ऑफिसात एका कागदावर सही करत होतो आणि पेन बोटांतून गळून पडलं. उचलायला गेलो तर हात माझा नव्हता. शेजारच्याने काहीतरी विचारलं, मला उत्तर माहीत होतं, पण तोंडात गाळ. वडिलांच्या तोंडातून आला होता तोच. त्याने मला गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. पोचेपर्यंत बोट बोट परत आलं होतं आणि मी, वडिलांसारखाच, काही झालं नाही म्हणत होतो.

डॉक्टर दुसरे होते, तरुण. तेच पट्टे, दंडांना, घोट्यांना. ते मशीन आता जरा लहान झालंय. माझ्या धमन्या माझ्याहून बऱ्याच वयस्कर निघाल्या. बायको पायथ्याशी खुर्चीवर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. डॉक्टरांनी घराण्यात कुणाला झालं होतं का विचारलं, मी वडिलांचं सांगितलं. मग ते सहज तिच्याकडे वळले.

"घरात स्वयंपाकात मीठ कितपत असतं?"

मी तिच्याकडे बघत होतो म्हणून मला दिसलं. तिची पाठ ताठ झाली.

"मी मोजून घालते," ती म्हणाली. तोच आवाज होता. इतक्या वर्षांत त्याला जराही गंज चढला नव्हता.

हे पुन्हा होणार होतं. आता माझ्या नावाने होणार होतं. मला काही झालं तर ताई पुन्हा येणार होती, झाकण काढणार होती. आणि दोन तासांपूर्वी माझी वाचा गेली होती. ती परत आली होती ती किती दिवसांसाठी, हे समोरच्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "डॉक्टर, हिच्या हाताला दोष नाही. बाबांना मीठ मी देत होतो. लपवून."

मग मी सगळं सांगितलं, खडा, कैरी, ताईकडचा महिना, त्यानंतरचं. मी त्यांना सरळच विचारलं की माझ्यामुळे गेले का. त्यांनी मला निर्दोष ठरवलं नाही की दोषीही. म्हणाले, तुमच्या वडिलांच्या धमन्या बरीच वर्षं आधी ताठ झालेल्या असणार, मिठाचा त्यात किती वाटा हे कुणी सांगू शकणार नाही. पण अशा माणसाचं प्रेशर मिठाने चढतं आणि गोळ्यांचं काम अवघड होतं, हे खरं आहे. फरक पडला असेल. मला ते उत्तर पटलं. मऊ उत्तर मिळालं असतं तर ते मी तलावावर नेऊन कुरवाळत बसलो असतो.

घरी आल्यावर चपला काढून बायको देव्हाऱ्याशी गेली, बरणीचं फडकं सोडलं आणि आत पाहिलं. बरणी निम्म्याच्या खाली होती.

"मला वाटायचं, पावसाळी हवेनं विरघळतंय," ती म्हणाली. "दर दिवाळीला पुसताना वाटायचं."

मी उभाच होतो. ती रडेल, ओरडेल अशी मी तयारी केली होती. तिने फडकं पुन्हा बांधलं, गाठ नीट मारली.

"ताईंना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. आणि फोनवर नाही."

ताई आता उरणजवळच्या द्रोणागिरीला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. गाडी चालवायला मला बंदी होती, एसटीने गेलो. ती गॅलरीत वाल सोलत बसली होती, खाली ट्रकांची रांग. माझं कळलंच होतं तिला. आधी माझा हात हातात घेऊन बोटं दाबून पाहिली, मग शिव्या दिल्या की एकटा कला आलास. मी बसलो आणि सांगितलं. वाटेत ठरवून ठेवलेली वाक्यं एकही उपयोगी पडली नाही. ताईचे हात वालावर थांबले.

"आगर?" ती म्हणाली. मग वाल बाजूला सारून, "मीच पुसून दिलेला तो, रिक्षात ठेवायच्या आधी."

मी म्हटलं, तुला काय माहीत. ती म्हणाली, गप. मला वाटलं ती मला घराबाहेर काढेल, आणि काढायलाही हवं होतं. पण ती मला बोलतच नव्हती. ती तिच्या बोटाकडे बघत होती, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे.

"तो गोष्टी सांगायचा तुना?" शेवटी तिने विचारलं. "मना नाय कंदी सांगल्या."

तेही मी तिच्याकडून घेतलं होतं, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिला चपलांची गोष्ट सांगितली. उधाणाची सांगितली, ती भगदाडात बसली होती ती. ते ऐकून तिने पदर तोंडाला लावला. निघताना दारात म्हणाली, रविवारी येते, वयनीला सांग.

रविवारी ती आली. बरोबर ओल्या वालाच्या शेंगा होत्या. बायकोने या म्हटलं, पाणी दिलं, शेंगा घेतल्या आणि काही न विचारता पाट मांडला. आम्ही दोघं भावंडं समोरासमोर बसलो. बायकोने लिंबू वाढलं, चटणी, कोशिंबीर, वालाची भाजी, भात. मिठाच्या जागी काही वाढलं नाही. ताईने त्या जागेकडे पाहिलं. मग बायकोने आमटीची वाटी ताटात न ठेवता तिच्या समोर धरली.

"ताई, आधी चाखून बघा."

तिला अधिकार होता, मी मध्ये पडलो नाही. ताईने वाटीत तेच बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं केलं नाही. बायको वाटी धरून वाकलेलीच होती.

"अळणी हाय," ताई म्हणाली. मग म्हणाली, "तवाबी अळणीच व्हती गं, वयनी."

बायकोने वाटी ताटात ठेवली आणि वर आणखी एक पळी वाढली.